एररचा मूळ आकडा जपायचा की लगेच समान कोडात बदलायचा?

धागाकर्ता: सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली विनंती) फसला की पुढच्याच ओळीत एररचा कोड लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या आणि तसाच वर, बोलावणाऱ्या फंक्शनकडे, न्या, असं माझं ठाम मत आहे. विंडोजवर फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवून ठेवली असेल तर गेटलास्टएरर (शेवटचा एरर सांगणारं विंडोजचं फंक्शन) ३२ देतं, परवानगी नसेल तर ५. सी रनटाइमच्या (सी भाषेच्या लायब्ररीच्या) ओपनमधून गेलात की एर्नोमध्ये (सीमध्ये एररचा आकडा जिथे मिळतो तिथे) दोन्हींचं १३, म्हणजे 'परवानगी नाही' सांगणारं ईअ‍ॅक्सेस होतं. ३२ ला जरा थांबून पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे, ५ ला सहसा नाही. लॉगमध्ये नुसता १३ असेल तर हा फरक गेलाच.

सीमारेषा: साफ असहमत. कनेक्शन नाकारलं तर लिनक्सवर १११, मॅकवर ६१, विंडोजवर १००६१. वरच्या थरातल्या प्रोग्रॅमने तिन्ही पाठ करायचे का? त्याहून वाईट म्हणजे ईअगेन ('आत्ता नाही, पुन्हा प्रयत्न करा'): लिनक्सवर ११, मॅकवर ३५. आणि ईडेडलॉक ('एकमेकांची वाट पाहत अडकले') नेमका उलटा, मॅकवर ११, लिनक्सवर ३५! कच्चे आकडे वर गेले की कुणीतरी ११ शी थेट तुलना करतोच, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. सीमेवरच, म्हणजे जिथे सिस्टिम कॉल होतो तिथेच, स्वतःच्या एनममध्ये (नावं दिलेल्या पर्यायांच्या यादीत) बदला.

स्टॅकतपासणी: तुम्ही दोघं नंतरच्या टप्प्यावर भांडताय. एररचा कोड त्याआधीच हरवतो. सी++ मध्ये सिस्टिम_एरर (एरर कळवणारं एक्सेप्शन) फेकताना पहिलं आर्ग्युमेंट एर्नो आणि शेवटचं "उघडता आली नाही: " + पाथ असं सर्रास लिहितात. आर्ग्युमेंट कोणत्या क्रमाने मोजायची हे भाषेने ठरवलेलं नाही. स्ट्रिंग आधी जोडली गेली आणि मेमरी घेताना एर्नो बदलला, तर चुकीचा कोड फेकला जातो. एका कंपायलरवर चालतं, दुसऱ्यावर नाही. एर्नो वाचण्याआधी झालेलं लॉगिंग आणि डिस्ट्रक्टरमधला (ऑब्जेक्ट संपताना चालणाऱ्या फंक्शनमधला) क्लोज हेही तितकेच घातक. शिवाय पीथ्रेडची (थ्रेड हाताळणाऱ्या लायब्ररीची) फंक्शन्स कोड थेट परत देतात, तिथे एर्नो वाचणंच चूक. यशस्वी कॉल एर्नो शून्य करत नाही, म्हणून स्ट्रटोलआधी (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनआधी) तो स्वतः शून्य करावा लागतो.

धागाकर्ता: क्रमाचा मुद्दा सोळा आणे खरा. सीमारेषा, आकड्यासोबत त्याचं कूळही, म्हणजे तो कुठल्या यादीतला हेही, ठेवलं तर? सी++ चा एरर_कोड तेच करतो. गेटलास्टएररला सिस्टिम_कॅटेगरी, एर्नोला जेनेरिक_कॅटेगरी. तुलना एररसी::परमिशन_डिनाइडशी (सगळीकडे समान असलेल्या 'परवानगी नाही' या नावाशी) करा, मूळ ३२ आत शाबूत राहतो.

सीमारेषा: लॉगसाठी मान्य. पण त्या तुलनेत ५ आणि ३२ पुन्हा एकच ठरतात. पुन्हा प्रयत्न करायचा की नाही हे ठरवायला माझ्या एनममध्ये 'फाइल अडकली' असा वेगळा प्रकार लागतोच, आणि तो सीमेवरच ठरला पाहिजे.