लिव्हरवर पसरलेला कॅन्सर: केमोसोबत इम्युनोथेरपीसाठी रान विकावं का?

गोदाकाठचा: चुलत्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरमध्ये गाठी. केमो चालूये. आता सोबत इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध, घ्या म्हणायलेत, अन् पोरं दोन एकर काढायला निघालीत. माझं मत: एमएसआय रिपोर्ट (गाठीच्या पेशींत डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलीय का, ते सांगणारा) आल्याशिवाय सातबाऱ्याला हात लावू नये. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शंभरात चार-पाच जणांचाच रिपोर्ट 'एमएसआय-हाय', म्हणजे ती बिघडलेली, असा येतो. त्यांना पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध लागू पडतं, तेही केमोशिवाय. 2020 च्या चाचणीत नुसत्या केमोवर आजार आठेक महिने थांबला, नुसत्या पेम्ब्रोवर सोळा. बाकीच्यांना त्याचा जवळपास उपयोग नाही. मग दोन्ही एकत्र कशाच्या जोरावर?

लातूरची सून: दादा, रान पुन्हा घेता येतं. माझ्या सासऱ्यांचा फुफ्फुसाचा होता, लिव्हरवर गेलेला. एकाच दिवशी आधी पेम्ब्रोची बाटली, मग केमोच्या. पुढच्या पोळ्याला त्यांनी स्वतः बैलांची शिंगं रंगवली. रिपोर्ट-रिपोर्ट करत बसलो असतो तर?

गोदाकाठचा: ताई, फुफ्फुसाचं वेगळं. तिथं ही जोडी 2018 लाच सिद्ध झाली, लिव्हरवर गेलेल्यांनाही फायदा दिसला. लिव्हरमधली गाठ जिथून आली त्याच जातीची राहते. औषध त्या जातीचं लागतं.

नांदेडचा सडेतोड: म्हणजे गरिबानं आशाच ठेवू नये! मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाच्या फक्त 20 मिलिग्रॅमच्या छोट्या डोसवर काम दाखवलं की. वर्षभर जगणारे 16 टक्क्यांवरून 43 वर गेले.

बीडचा मेडिकलवाला: खरंय, पण ते तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये, सोबत गोळ्यांची केमो. आतड्याला तो आकडा लावू नका. शिवाय लिव्हर स्वतःच आडवं येतं. तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी कॅन्सरशी लढणाऱ्या टी-पेशींना मारतात, असं 2021 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. त्यात हे औषध कधी चांगल्या लिव्हरलाच सूज आणतं. अन् सर्जनला कुणी विचारलं का? आतड्यातून आलेल्या गाठी मोजक्या असतील तर कापून काढता येतात, काही जण कायमचे बरे होतात. आपल्याकडं 'लिव्हरवर गेलं' ऐकलं की लोक एकतर हात टेकतात, नाहीतर जमीन विकतात.

नांदेडचा सडेतोड: सर्जनचं पटलं. पण रिपोर्ट येईस्तोवर आजार थांबतो का?

बीडचा मेडिकलवाला: केमो चालूच आहे ना? ती थांबवायला कोण सांगायलंय?

लातूरची सून: मग तपासणीला पुन्हा सुई टोचायची?

बीडचा मेडिकलवाला: बहुतेकदा नाही. बायोप्सी केलेल्या लॅबमध्ये अर्ज देऊन ब्लॉक मागा. मेणाचा चौकोनी तुकडा असतो, कडेला नंबर. नंबर रिपोर्टशी जुळवून घ्या, अन् नेताना गाडीच्या काचेजवळ उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडतं.