‘आपलं पार्ल्याचं घर’ (फॅमिली ग्रुप)

अण्णाकाका: सर्वांना नमस्कार. काल कीटकनाशक खात्याचा माणूस येऊन गेला. डासांच्या अळ्या सापडल्या. नोटिशीचा फोटो टाकतोय. विहिरीचं काय करायचं ते सगळ्यांनी बोला.

चिनू: काका, फोटो उलटा आलाय.

अण्णाकाका: मग फोन उलटा धर.

दादा (ठाणे): मी गेल्या दिवाळीतच म्हटलं होतं, बुजवून टाका. कोण वापरतं आता ते पाणी? दोन डंपर डेब्रिज टाकलं की विषय संपला. गाडी लावायला जागा होईल ती वेगळीच.

माईआत्या: विषय संपला म्हणे! 2009 ला पाणीकपात होती तेव्हा तुझ्या लग्नाचं वऱ्हाड कुठल्या पाण्याने आंघोळलं रे? टँकरवाला तर फोनही उचलत नव्हता.

वहिनी: खरंय आत्या. सासरी आल्यावर मला पहिलं काय शिकवलंत, तर पंपाचं बटण कुठे आहे 😄

ताई (न्यू जर्सी): प्लीज बुजवू नका ना. कठड्यावर बसलं की पार्लेच्या कारखान्यातून बिस्किटांचा वास यायचा...

भाऊकाका: कारखाना 2016 ला बंद झाला. वास आता तुझ्या नाकातच आहे.

दादा: भावना बाजूला ठेवा. उद्या रीडेव्हलपमेंट झालं की विहीर जाणारच आहे.

अण्णाकाका: होईल तेव्हा बघू. विमानतळ शेजारी, उंचीचं बंधन, इथे काही टॉवर उठणार नाही. बिल्डर त्याच हिशेबाने बोलतात. शिवाय प्रॉपर्टी कार्डावर अजून नानांचंच नाव आहे. वारस नोंद करायची तर आम्हा भावंडांच्या सह्या हव्यात, त्यातला एक गणपतीपासून रुसून बसलाय.

भाऊकाका: वाचतोय मी.

अण्णाकाका: वाचायलाच लिहिलंय.

चिनू: आंब्याचं काय? तो कठड्याला खेटून आहे. डेब्रिजने मुळं गुदमरून वाळला, तर तोडायलाही महापालिकेची परवानगी लागते. 1975 चा वृक्ष कायदा आहे.

दादा: आला वकील.

चिनू: मी बॉटनीवाली आहे. आणि ऐका, मुंबईत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी डास गटारात नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. विहिरीत घालतो, तसाच उघड्या टाकीतही. विहिरीला बारीक जाळी बसवायची, आत गप्पी मासे सोडायचे. ते अळ्या खातात. बुजवायची काय गरज?

वहिनी: एक मिनिट. मी फोटो सरळ करून वाचला. विहिरीला नुसती जाळी बसवा म्हटलंय. अळ्या सापडल्या आहेत त्या “गच्चीवरील पाण्याच्या टाकीत”!

माईआत्या: अगंबाई.

अण्णाकाका: चष्मा नव्हता माझा. पण टाकीला झाकण होतं की.

भाऊकाका: होतं. मे महिन्यात कुणीतरी टाकी साफ करायला म्हणून काढलं आणि आंब्याच्या पेट्या झाकायला खाली आणलं. मी नाव घेत नाही.

वहिनी: मी घेते 🙄

दादा: बरं बाबा. रविवारी येतो झाकण बसवायला.

माईआत्या: जेवायलाच ये. भाऊ, तूही ये. अळूचं फदफदं करतेय.

भाऊकाका: बघतो. किती वाजता?