नेपाळवरचा आपला वचक: ठेवायचा की सोडायचा?

नौपाडकर:
सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूच्या तरुणांनी पंतप्रधान के. पी. ओलींचं सरकार पाडलं, सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. त्या बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेल्या, एवढ्यावरून ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘चला, आपलं माणूस बसलं’ असा सूर लागला. मला तो फार खटकला. आमच्या गेटवर रात्रपाळी करणारा माणूस नेपाळातल्या अछामचा आहे. त्याच्या देशाचा पंतप्रधान ‘आपला’ का असावा?

भारत-नेपाळ मैत्रीचा १९५० चा तह बघा. आपल्याकडून सही राजदूताची, त्यांच्याकडून थेट पंतप्रधान मोहन शमशेर राणांची. पुढच्याच वर्षी राणा घराण्याची सत्ता संपली, तह राहिला. १९८९ मध्ये व्यापार कराराचं फिस्कटलं तेव्हा आपण सीमेवरची दोन नाकी सोडून बाकीची बंद केली. २०१५ मध्ये एप्रिलच्या भूकंपातून लोक सावरतही नव्हते, तोच पुन्हा सीमेवर मालाची कोंडी. पेट्रोल नाही, गॅस नाही, औषधं नाहीत.

हा तह तपासायला दोन्ही देशांनी तज्ज्ञगट नेमला होता. आपल्या बाजूचे प्रमुख होते भगतसिंह कोश्यारी, पुढे आपले राज्यपाल झाले तेच. २०१८ मध्ये त्यांचं काम संपलं, पण अहवाल वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला. तो दिल्लीने स्वीकारावा, तह नव्याने करावा आणि काठमांडूत कोणी बसावं यात पडू नये.

ऐरोलीकर:
साफ असहमत. त्याच तहाच्या ७ व्या कलमामुळे नेपाळी माणूस इथे राहू शकतो, धंदा करू शकतो. तुमच्या अछामच्या माणसाची चूल त्यावरच पेटते. १० वं कलमही वाचा: एक वर्षाची नोटीस देऊन कुठलाही देश बाहेर पडू शकतो. इतक्या वर्षांत नेपाळने ती दिलेली नाही. निवडणूक आली की तहाविरुद्ध भाषणं, खुर्ची मिळाली की चिडीचूप.

सीमा मोकळी, १७५० किलोमीटरच्या वर, आणि पलीकडे चीन. नेपाळात काय चाललंय याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, असं कसं चालेल? शिवाय २००५ मध्ये नेपाळचे माओवादी आणि तिथल्या सात पक्षांचा १२ कलमी समझोता दिल्लीत झाला. दहा वर्षांचं यादवी युद्ध थांबण्याची वाट तिथून निघाली. तोही आपला प्रभावच होता.

तुर्भेकर:
२०१५ ची दुसरी बाजू कोणीच मांडत नाही. नेपाळच्या नव्या राज्यघटनेवरून तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट भागात, ४० हून अधिक माणसं मेली, त्यात पोलीसही होते. सीमेवरच्या वीरगंजच्या पुलावर मधेशी, म्हणजे याच तराईतले लोक, बसले होते. प्रांतांच्या सीमा आखताना आपल्याला डावललं ही त्यांची तक्रार खरी होती. भारताने नाकेबंदी कधीच कबूल केलेली नाही.

नौपाडकर:
मधेशींवर अन्याय झाला, मान्यच आहे. पण जिथे आंदोलक नव्हते त्या नाक्यांवरही ट्रक पुढे सरकत नव्हते. राज्यघटना जाहीर होण्याच्या दोन दिवस आधी आपले परराष्ट्र सचिव काठमांडूत होते, तेही थांबा म्हणायला. याचा फायदा कोणाला झाला? मार्च २०१६ मध्ये ओलींनी बीजिंगला जाऊन मालवाहतुकीचा करार केला, २०१७ ची निवडणूक राष्ट्रवादावर जिंकली. चीनची भीती घालणाऱ्यांनीच चीनला दार उघडून दिलं. आणि २००५ ला नेपाळचे पक्ष आपणहून बोलायला आले होते. दोन्ही एका मापात मोजू नका.

वाशीकर:
भूतानचं उदाहरण घ्या. परराष्ट्र धोरणात भारताच्या सल्ल्याने चालण्याची १९४९ ची अट आपण २००७ मध्ये काढली. भूतान दुरावला नाही. उलट २०१३ मध्ये ऐन निवडणुकीच्या तोंडावर गॅस-रॉकेलची सवलत थांबवली, ते तिथल्या लोकांच्या मनाला लागलं.
आपल्या सैन्यातल्या नेपाळी गोरख्यांच्या भरतीचंही तेच. १९४७ च्या त्रिपक्षीय करारावर ती चालत होती. २०२२ मध्ये आपण चार वर्षांच्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना आणली, नेपाळची संमती आधी घेतली नाही. भरती थांबली, पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं तुटलं.

ऐरोलीकर:
गोरख्यांबाबत तुमचं बरोबर आहे, ते चुकलंच. तहाबाबत मात्र नाही. कोणतं कलम नको आणि त्याच्या जागी काय हवं, हे नेपाळ सरकारने आधी लेखी द्यावं. ७ वं कलम ठेवून बाकीचं काढा म्हणत असतील, तर माझा विरोध राहील.