‘कायद्याचे राज्य’ की ‘कायद्याने राज्य’?

प्रश्न : आमच्या दादरच्या सोसायटीत जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागली आहे. ‘येथे कायद्याचे राज्य आहे. पाणी येण्याच्या वेळेत गाड्या धुण्यास सक्त मनाई. नियम पाळणे हे सभासदांचे आद्य कर्तव्य होय. हुकुमावरून.’ वाचून हसू आलं, पण नेमकं काय खटकलं ते सांगता येईना. भाषेची चूक आहे का?

– व्याकरण शाबूत आहे. घोळ शेवटच्या शब्दात आहे. ‘पेशव्यांचे राज्य’ म्हणताना षष्ठीचा ‘चे’ ज्याला लागतो तो राज्यकर्ता. म्हणजे ‘कायद्याचे राज्य’ म्हटलं की गादीवर खुद्द कायदा, आणि मंत्री, हवालदार, तुमचे सेक्रेटरी सगळे त्याच्या खाली. आता तृतीयेचा ‘ने’ लावून बघा. ‘कायद्याने राज्य करणे’ यात कायदा नुसतं हत्यार, हात दुसऱ्याच कुणाचा. खटल्याशिवाय लोकांना डांबून ठेवू देणारा इंग्रजांचा १९१९चा रौलट कायदाही रीतसर मंजूर झालेलाच होता की! ‘चे’ लिहून खाली ‘हुकुमावरून’ म्हणजे ‘ने’च.

– ‘कर्तव्य’ही तपासा. कृ धातूला तव्य हा प्रत्यय, म्हणजे जे करायला हवं ते. ‘जबाबदारी’त जबाब आहे, कुणीतरी विचारणार हे गृहीत. घटनेतली मूलभूत कर्तव्यं ४२व्या दुरुस्तीने १९७६ साली आली. तेव्हा दहा होती, अकरावं २००२मध्ये जोडलं. ती पाळली नाहीत म्हणून थेट शिक्षा नाही, त्यासाठी वेगळा कायदा लागतो. मतदान आणि करभरणा त्या यादीत नाहीत, हे पुष्कळांना पटत नाही. सार्वजनिक मालमत्ता जपणं मात्र आहे.

– एक पुरवणी. घटनेच्या ५१क या अनुच्छेदातली ही मूलभूत कर्तव्यं ‘नागरिका’ची, १४व्या अनुच्छेदातली कायद्यापुढची समानता मात्र ‘व्यक्ती’ची. ती परदेशी पाहुण्यालाही मिळते. आपण बोलताना दोन्हीकडे सरसकट ‘नागरिक’ म्हणतो.

मूळ प्रश्नकर्ता : झकास! मग ‘हुकुमावरून’च्या जागी काय लिहायला सांगू?

– ‘सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार’.

मूळ प्रश्नकर्ता : ठराव कुठला! सेक्रेटरींची स्वतःची गाडी रोज सकाळी सातला धुतली जाते, ऐन पाण्याच्या वेळेला.

– मग ‘हुकुमावरून’च राहू द्या. निदान शब्द तरी खरा आहे.