विषय: पाडव्याचा कार्यक्रम, ४ एप्रिल आणि फायनल फोर

प्रेषक: कार्यवाह
जानेवारी २०२६

मंडळी, नमस्कार.

यंदा गुढीपाडवा १९ मार्चला, गुरुवारी येतोय. कार्यक्रम नेहमीसारखा पुढच्या एखाद्या शनिवारी घ्यायचा म्हणून समितीने इंडियानापोलिस डाउनटाउनच्या सभागृहासाठी ४ एप्रिल ही तारीख धरली होती. काल एका सभासदांनी लक्षात आणून दिलं की ४ आणि ६ एप्रिलला ल्यूकस ऑइल स्टेडियममध्ये कॉलेज बास्केटबॉलची फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार संघांचे उपांत्य आणि अंतिम सामने, आहे. त्या शनिवारी तिथे गाडी लावायला जागा मिळणार नाही. वयस्कर मंडळींना लांबून चालत आणणं आणि जेवणाची पातेली रस्त्याच्या कडेला उतरवणं जमणार नाही. २८ मार्च चालेल का? दोन दिवसांत कळवा.

*

प्रेषक: पर्ड्यूकर

सर्वांना नमस्कार. मी नाशिकचा, ऑगस्टपासून वेस्ट लाफायेटला पर्ड्यू विद्यापीठात शिकतोय. मला २८ मार्च चालेल, वाढायला आणि खुर्च्या मांडायलाही येईन.

एक विचारायचं होतं. आमच्या लॅबमध्ये सगळे म्हणतात की फायनल फोर आता घराजवळ आली आहे. २०२४ मध्ये ग्लेनडेलला पर्ड्यू अंतिम सामन्यात युकॉनकडून (कनेक्टिकट विद्यापीठाकडून) हरलं, ते अजून कुणी विसरलेलं नाही. पण एवढ्या मोठ्या देशात ही स्पर्धा सारखी इंडियानापोलिसलाच कशी येते? न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस ही नावं यादीत दिसतच नाहीत.

*

प्रेषक: नाना

पर्ड्यूकरा, ये रे बाबा, खुर्च्या मांडायला हात हवेतच.

तुझा प्रश्न मला फार आवडला. या शहरात मला पस्तीस वर्षं झाली. इथल्या लोकांनी बास्केटबॉलच्या आधारावर शहर उभं केलं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस यादीत आहेत, पण खूप जुन्या. पहिली स्पर्धा १९३९ सालची. अंतिम सामना शिकागोजवळ इव्हान्स्टनला, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या पॅटन जिममध्ये झाला. ओरेगनने ओहायो स्टेटला ४६–३३ हरवलं तेव्हा प्रेक्षक होते जेमतेम साडेपाच हजार. दुसऱ्याच वर्षी स्पर्धा कॅन्सस सिटीच्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये गेली आणि तिथे इतकी रमली की १९६४ पर्यंत त्या एका इमारतीत नऊ अंतिम सामने झाले. एवढे दुसऱ्या कुठल्याही वास्तूच्या वाट्याला आले नाहीत. १९५७ मध्ये विल्ट चेंबरलेनच्या कॅन्ससला नॉर्थ कॅरोलायनाने तीन वेळा जादा वेळ खेळून ५४–५३ हरवलं, तेही तिथेच. शहर देशाच्या मध्यावर, आगगाड्यांच्या वाटेवर. आणि १९५२ पासून एनसीएएचं, म्हणजे ही स्पर्धा भरवणाऱ्या कॉलेज क्रीडा संघटनेचं, कार्यालयही तिथेच होतं. ही कार्यालयाची गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

न्यूयॉर्कच्या जुन्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९४३ ते १९५० च्या दरम्यान सात अंतिम सामने झाले. १९५० मध्ये सिटी कॉलेजने एकाच मोसमात एनआयटी ही तेव्हाची दुसरी मोठी स्पर्धा आणि एनसीएएची, अशा दोन्ही स्पर्धा त्याच गार्डनमध्ये जिंकल्या. फुकट शिक्षण देणाऱ्या कॉलेजची मुलं, बहुतेक कष्टकऱ्यांच्या घरातली; सगळं शहर त्यांच्यावर खूश होतं. पुढच्याच वर्षी उघड झालं की संघातल्या काही जणांनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामन्यांतला गुणांचा फरक हवा तसा ठेवला होता. पोरांना अटक झाली. त्यानंतर अंतिम सामना मॅनहॅटनमध्ये पुन्हा कधीच झाला नाही. लॉस एंजेलिसला शेवटचा झाला तो १९७२ मध्ये.

आता छताकडे वळू. २० जानेवारी १९६८ ला ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या छत असलेल्या स्टेडियममध्ये ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिसचं यूसीएलए या विद्यापीठांचा मोसमातला एक साधा सामना झाला आणि तो बघायला ५२,६९३ माणसं आली. बेसबॉलच्या मैदानाच्या मधोमध लाकडी कोर्ट अंथरलं होतं, तेसुद्धा लॉस एंजेलिसहून आणलेलं. ह्यूस्टन ७१–६९ जिंकलं. बास्केटबॉलला इतकी गर्दी जमू शकते हे त्या रात्री कळलं. १९७१ ची अंतिम फेरी त्याच डोममध्ये झाली, १९८२ ची न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये. नॉर्थ कॅरोलायनाच्या, पहिल्या वर्षाच्या मायकेल जॉर्डनने शेवटच्या क्षणांत बास्केट करून जॉर्जटाउनला ६३–६२ हरवलं, तेव्हा तिथे ६१,६१२ लोक होते. १९९७ पासून पुरुषांची फायनल फोर फक्त मोठ्या छताखालीच होते. निदान साठ हजार खुर्च्यांची अट आहे. मग उरतात किती शहरं? सॅन अँटोनियो, न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टन, अटलांटा, ग्लेनडेल, मिनियापोलिस, डेट्रॉइट, डॅलसजवळचं आर्लिंग्टन, आपण, आणि २०२८ मध्ये पहिल्यांदाच लास वेगास.

पण अशी छपरं बरीच आहेत. इंडियानापोलिसला नऊ वेळा का? १९८०, १९९१, १९९७, २०००, २००६, २०१०, २०१५, २०२१, आणि आता ही. सत्तरच्या दशकात हे डाउनटाउन संध्याकाळी ओस पडायचं, असं जुने लोक सांगतात. १९७९ मध्ये खेळांचे कार्यक्रम शहरात आणायचे, एवढ्याच कामासाठी इंडियाना स्पोर्ट्स कॉर्प ही संस्था स्थापन झाली. फुटबॉलचा संघ हाताशी नसताना हूझियर डोम बांधायला घेतला. कोल्ट्स हा फुटबॉल संघ १९८४ मध्ये बाल्टिमोरहून आला. १९८७ ला पॅन अमेरिकन खेळ झाले. आणि १९९९ मध्ये एनसीएएने आपलं मुख्य कार्यालय कॅन्सस सिटीच्या परिसरातून उचलून इथे नदीकाठी आणलं. आता कळलं ना कार्यालयाचं? दर पाचेक वर्षांनी फायनल फोर इथे यायची, असा त्यांचा शहराशी करारच आहे.

कराराएवढंच महत्त्वाचं म्हणजे चालता येणं. हॉटेलं, कन्व्हेन्शन सेंटर आणि स्टेडियम बंदिस्त वाटांनी जोडलेले आहेत. २०२१ मध्ये साथीच्या काळात ६८ संघांची अख्खी स्पर्धा एकट्या इंडियाना राज्यात घेता आली ती यामुळेच. खेळाडू हॉटेलातून सरावाला जायचे ते रस्त्यावर पाऊल न टाकता. पर्ड्यूच्या मॅकी अरेनातही सामने झाले, तुझ्या वसतिगृहापासून ते फार लांब नसेल.

इतकं असूनही माझ्या मनात एक सल आहे. २०१० मध्ये बटलर विद्यापीठ अंतिम सामन्यात पोचलं. त्यांचं क्रीडागृह, हिंकल फील्डहाउस, ल्यूकस ऑइलपासून सहा मैलांवर. समोर ड्यूक. मी मुलीला घेऊन गेलो होतो, जागा अगदी वरच्या मजल्यावर. प्रेक्षक ७०,९३०. ड्यूक ६१–५९ ने पुढे, आणि वेळ संपता संपता गॉर्डन हेवर्डने मध्यरेषेजवळून चेंडू फेकला. आधी तो बोर्डावर आपटला, मग रिंगवर, आणि बाहेर पडला. आयुष्यात पाहिलेला सगळ्यात मोठा क्षण, आणि तो मी दुर्बिणीतून पाहिला. पोरगी विचारत होती, "बाबा, गेला का आत?" मलाही खालच्या लोकांच्या आवाजावरूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी तिला हिंकलला नेलं. १९२८ ची इमारत. उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन लाकडावर पडलेलं. १९५४ मध्ये मिलान नावाच्या लहानशा गावच्या शाळेने तिथेच मन्सी सेंट्रलला ३२–३० हरवून राज्याची स्पर्धा जिंकली होती. कुठल्याही बाकावर बसा, खेळाडूचा चेहरा दिसतो. मला मनापासून वाटतं की दहा वर्षांतून एकदा तरी पुरुषांचा अंतिम सामना वीस हजारांच्या वास्तूत घ्यावा. तिकिटांचं उत्पन्न घटेल, पण ज्या मुलांचा खेळ आहे ती मुलं दिसतील तरी.

— नाना, फिशर्स

*

प्रेषक: ताई (पूर्वी न्यू जर्सी, आता झायन्सव्हिल)

नाना, तुम्ही म्हणता तसा लहान वास्तूतला शेवटचा अंतिम सामना मी पाहिलाय. १९९६, ईस्ट रदरफर्ड, मेडोलँड्सचं अरेना. केंटकीने सिरॅक्यूजला ७६–६७ हरवलं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. यांना ऑफिसातून दोन तिकिटं मिळाली म्हणून गेलो, नियम एकही ठाऊक नव्हता. पण बुटांची करकर आणि प्रशिक्षकांचं ओरडणं वरच्या रांगेतही ऐकू येत होतं. तो डोमबाहेरचा शेवटचा अंतिम सामना ठरेल, हे तेव्हा कुणाला माहीत होतं!

मात्र तुमच्या पत्रात अर्धी स्पर्धा राहून गेली. तुम्हाला हवी तशी वास्तू बायकांच्या फायनल फोरला आजही मिळते. १९८२ ला नॉरफोकच्या स्कोपमध्ये लुइझियाना टेकने पहिली एनसीएए स्पर्धा जिंकली. २०२४ ला क्लीव्हलंडच्या बंदिस्त अरेनात साउथ कॅरोलायनाने कॅटलिन क्लार्कच्या आयोवाला ८७–७५ हरवलं, आणि तो सामना टीव्हीवर पावणेदोन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला, त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त. त्याआधी तीनच वर्षं, २०२१ मध्ये सॅन अँटोनियोला या मुलींना व्यायामासाठी डंबेल्सची एक छोटी मांडणी दिली होती, आणि इकडे मुलांना अख्खी व्यायामशाळा. एका खेळाडूने त्याचा व्हिडिओ टाकला तेव्हा कुठे हालचाल झाली. माझी धाकटी तेव्हा शाळेच्या संघात होती. तिने तो व्हिडिओ मला दाखवला आणि काही न बोलता खोलीत निघून गेली. ते मी विसरलेले नाही.

तर मंडळी, २०२८ ला बायकांची फायनल फोर आपल्याच गावात, गेनब्रिज फील्डहाउसमध्ये आहे. मंडळातल्या सगळ्या मुलींना घेऊन जायचं. तिकिटांचं मी आत्तापासून बघते.

२८ मार्च चालेल. श्रीखंड माझ्याकडे.

*

प्रेषक: नाना

ताई, चूक कबूल. हे माझ्या पत्रात यायलाच हवं होतं. माझी मुलगी आता शिकागोला असते, २०२८ साठी तिचं आणि नातीचं नाव लिहून घ्या.

पर्ड्यूकरा, अजून एक. यंदा ५ एप्रिलला, रविवारी, गेनब्रिजमध्येच दुसऱ्या आणि तिसऱ्या डिव्हिजनचे अंतिम सामने आहेत. लहान कॉलेजांची पोरं, त्यातली बहुतेक पुढे व्यावसायिक खेळणार नाहीत. आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना त्यांचा तोच. ल्यूकस ऑइलची तिकिटं नाही परवडली तर तिथे ये. मी येतोय, खालच्या रांगेत बसू.

*

प्रेषक: कार्यवाह

मंडळी, बहुमताने शनिवार २८ मार्च नक्की. सभागृह तेच, दुपारी ४ पासून. श्रीखंड ताईंकडे, पुऱ्या केटररकडे, कडुलिंबाचा पाला कुणाच्या कुंडीत असेल तर कळवा. ५ एप्रिलला नानांबरोबर कोण कोण जाणार, त्यांनी याच धाग्यावर नावं द्या. आत्तापर्यंत सात झाली आहेत, त्यात दोन शाळकरी मुली. हिंकलला आधी जाऊन यायचं असेल तर सकाळी अकराला निघावं लागेल.