'कालविपर्यास' कुठे वापरावा? ('ब्रेव्हहार्ट' आणि मध्ययुगीन स्कॉटलंडवरचे सिनेमे)

बोरूबहाद्दर (विचारणा):

मध्ययुगीन स्कॉटलंडवरच्या सिनेमांत इतिहास कितपत पाळलेला असतो, यावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. गाडी शब्दांवर अडली आहे. अ‍ॅनाक्रोनिझमला, म्हणजे एका काळातली गोष्ट दुसऱ्याच काळात दाखवण्याला, 'कालविपर्यास' हा प्रतिशब्द रूढ आहे, म्हणून मसुद्यात तोच सगळीकडे घातला. आता वाचताना खटकतोय.

'ब्रेव्हहार्ट'मध्ये (१९९५) इंग्रजांविरुद्ध लढणारा तेराव्या शतकातला स्कॉट विल्यम वॉलेस किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा घागऱ्यासारखा पोशाख) नेसून आणि तोंडाला निळा रंग फासून लढतो, तिथे कालविपर्यास ठीक वाटतो. पण स्टर्लिंगच्या पुलावरची लढाई दाखवली आणि तीत पूलच नाही, याला कालविपर्यास कसं म्हणायचं? आणि इंग्लंडच्या युवराजाची पत्नी इझाबेला हिला वॉलेसपासून दिवस जातात, त्याला काय म्हणायचं?

वर्तमानपत्रांत या सगळ्याला मिळून 'इतिहासाची मोडतोड' तरी म्हणतात, नाहीतर 'सिनेमॅटिक लिबर्टी' तरी. पहिला शब्द फिर्यादी पक्षाचा, दुसरा बचाव पक्षाचा. मला नेमकं काय झालंय ते सांगणारे शब्द हवेत. सुचवाल का?

मोडीवाचक:

तुम्हाला खटकतंय ते बरोबर खटकतंय. 'विपर्यास' म्हणजे मुळात उलटापालट. व्याकरणात 'वाराणसी'चं 'बनारस' होतं, र आणि ण जागा बदलतात, त्याला वर्णविपर्यय किंवा वर्णविपर्यास म्हणतात. तिथे कुणावर आरोप नसतो. पण रोजच्या मराठीत हा शब्द येतो तो 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला' या तक्रारीतच. म्हणजे ऐकणाऱ्याने मुद्दाम वाकडा अर्थ काढला. त्यामुळे 'कालविपर्यास' वाचला की दिग्दर्शकाने जाणूनबुजून काळ वाकवला असा वास येतो. कपडेपटाची चूक सांगायची असेल तर 'कालविसंगती' बरा. तो फक्त मेळ बसत नाही एवढंच सांगतो.

किल्ट आणि निळा रंग या दोन्ही कालविसंगती आहेत, पण उलट दिशांच्या, हे लेखात जरूर घ्या. अंगाभोवती गुंडाळून कमरेला पट्ट्याने आवळायचा तो लांबरुंद प्लेड सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो, आणि आजचा आखूड किल्ट त्याहून अलीकडचा. म्हणजे पुढचं मागे आणलं. अंग निळं रंगवणारे लढवय्ये हे वर्णन रोमन काळातल्या ब्रिटनचं, वॉलेसच्या आधी हजार वर्षांहून जास्त. म्हणजे मागचं पुढे ढकललं. एकाच माणसाच्या अंगावर दोन्ही!

सदाशिवपेठी:

इझाबेलाच्या बाबतीत 'कालविसंगती' फारच मवाळ होईल. तारखा पाहा. तिचा जन्म १२९५च्या सुमाराचा. वॉलेसला लंडनमध्ये हालहाल करून मारलं २३ ऑगस्ट १३०५ रोजी. तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची, आणि फ्रान्समध्ये. त्या युवराजाशी, म्हणजे दुसऱ्या एडवर्डशी, तिचं लग्न झालं जानेवारी १३०८मध्ये, आणि तिचा मुलगा, पुढचा तिसरा एडवर्ड, जन्मला १३ नोव्हेंबर १३१२ रोजी. वॉलेस जाऊन तोवर सात वर्षं उलटली होती. वॉलेसचंच मूल इंग्लंडच्या गादीवर येणार, या ज्या सूडावर सिनेमाचा शेवट उभा आहे तोच घडणं अशक्य. याला 'कपोलकल्पित' म्हणा, सरळ.

मोडीवाचक:

'कपोलकल्पित'मध्ये तुच्छता आहे. खोट्या बातमीला, थापेला आपण तो लावतो. लेखाच्या सुरात 'कल्पित' पुरेसा आहे: 'कल्पित प्रसंग', 'कल्पित नातं'. नववधूवर पहिल्या रात्री इंग्रज सरदाराचा हक्क, असं फर्मान इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने काढल्याचं सिनेमात आहे. तसा कायदा तेव्हा स्कॉटलंडात होता याला पुरावा नाही. तिथेही 'कल्पित'च.

मुक्काम एडिनबरा:

इथे राहते, स्टर्लिंगला अनेकदा जाणं होतं, म्हणून पुलाबद्दल लिहिते. माझ्या मते या सिनेमातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे आणि तिला शब्दही मराठीत तयार आहे, फक्त आपण तो अशा ठिकाणी वापरत नाही.

११ सप्टेंबर १२९७. फोर्थ नदीवर लाकडी पूल, इतका अरुंद की जेमतेम दोन घोडेस्वार जोडीने जातील. इंग्रजांचा सेनापती अर्ल ऑफ सरे त्या सकाळी उशिरापर्यंत झोपून राहिला, असं त्या काळचा एक इंग्रज बखरकार लिहितो. काही तुकड्या पलीकडे गेल्या होत्या, त्यांना परत बोलावलं. रिचर्ड लुंडी नावाचा सरदार म्हणाला, जवळच नदीला उतार आहे, तिथून साठजण एका वेळी पार होतील, मला जाऊ द्या. खजिनदार क्रेसिंगहॅमने ऐकलं नाही. उशीर झाला की खर्च वाढतो, याची त्याला चिंता. मग सैन्य पुन्हा पुलावरून निघालं. समोर अ‍ॅबी क्रेग टेकडीवर स्कॉट थांबून होते. झेपेल एवढंच सैन्य अलीकडे येऊ दिलं आणि मग भालाईत धावत खाली उतरले, पुलाचं टोक धरलं. अलीकडचे अडकले, पलीकडचे नुसते पाहत राहिले. क्रेसिंगहॅम तिथेच मेला.

हे सगळं त्या पुलामुळे झालं. मोकळ्या माळावर समोरासमोर लढले असते तर इंग्रज तिरंदाज आणि जड घोडदळापुढे काय झालं असतं ते पुढच्याच वर्षी, २२ जुलै १२९८ला, फॉल्कर्कला दिसलं. तिथे स्कॉट हरले. पूल काढून टाकला की शत्रूला कोंडीत पकडणारी अक्कल गेली, उरलं फक्त शौर्य. मला याचा खरोखर राग येतो.

आणि पुलाबरोबर एक माणूसही गेला. त्या दिवशी सैन्याचे नायक दोघे होते: वॉलेस आणि अँड्र्यू मरे. लढाईनंतर महिन्याभराने, ११ ऑक्टोबरला, दोघांच्या नावाने ल्यूबेक आणि हॅम्बर्ग या जर्मन शहरांतल्या व्यापाऱ्यांना पत्र गेलं: स्कॉटलंडची बंदरं पुन्हा खुली आहेत, माल पाठवा. ते पत्र उपलब्ध आहे, आणि त्यात मरेचं नाव आधी आहे, वॉलेसचं नंतर. मरे त्यानंतर फार जगला नाही, बहुधा त्याच लढाईतल्या जखमांनी गेला. सिनेमात तो नावालाही नाही.

मराठीत याला म्हणतात अनुल्लेखाने मारणं. साहित्यिकांच्या भांडणांत हा वाक्प्रचार सर्रास ऐकू येतो. इथे तो नेमका बसतो.

बोरूबहाद्दर:

वा! 'अनुल्लेख' घेतला. म्हणजे कालविसंगती, कल्पित आणि अनुल्लेख. पण एक शंका. वॉलेसच्या वडिलांचं नाव सिनेमात माल्कम आहे. ते चुकीचं आहे असं वाचलं. ते पटकथाकाराने कल्पिलं म्हणायचं का?

मोडीवाचक:

नाही, आणि इथे जपून. हे नाव पटकथाकाराच्या आधीपासून चालत आलेलं आहे. 'आंधळा हॅरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कवीने १४७०च्या दशकात वॉलेसवर दीर्घकाव्य रचलं, वॉलेसच्या मृत्यूनंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी. सिनेमाचा मुख्य आधार ते काव्य आहे आणि 'माल्कम' तिथला. ल्यूबेकच्या ज्या पत्राचा वर उल्लेख आला त्यावरच्या वॉलेसच्या मोहरेत मात्र तो स्वतःला 'अ‍ॅलनचा मुलगा' म्हणवतो.

आपल्या बखरींची आठवण होईल. अनेक बखरी घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिलेल्या. त्यांत माणसाबद्दल लोकांना काय वाटत होतं ते उत्तम कळतं, पण सनावळीसाठी अस्सल पत्रंच पाहावी लागतात. 'बखरीतला वॉलेस' आणि 'पत्रातला वॉलेस' असा भेद मराठी वाचकाला चटकन कळेल. सिनेमाने बखर पडद्यावर आणली. तक्रार करायची तर एवढीच की ती इतिहास म्हणून आणली.

सदाशिवपेठी:

मग कोळ्याची गोष्ट? शाळेत ऐकलेला तो स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस, गुहेत बसलेला, कोळी पुन्हा पुन्हा पडतो आणि चढतो. तीही बखर?

मोडीवाचक:

ती दंतकथा. घराघरात पोहोचली ती वॉल्टर स्कॉटमुळे, एकोणिसाव्या शतकात. त्याआधी कोळ्याचा प्रसंग ब्रूसचा सोबती जेम्स डग्लस याच्या नावावर सांगितला गेला होता.

डग्लसवरून आठवलं. १३२९मध्ये ब्रूस वारला, तेव्हा त्याचं हृदय डबीत घालून डग्लस धर्मयुद्धाला निघाला आणि १३३०मध्ये स्पेनमध्ये तेबा इथे लढताना पडला. हृदय परत आणून मेलरोझच्या मठात पुरलं. 'ब्रेव्हहार्ट' (शूर काळीज) हे बिरुद शोभतं ते या ब्रूसच्या काळजाला. सिनेमाने ते वॉलेसला दिलं, आणि ब्रूसला वॉलेसशी फितुरी करताना दाखवलं. वॉलेसला १३०५मध्ये पकडून दिलं ते स्कॉटिश सरदार जॉन मेंटीथने. 'फितूर' हा शब्द वापरायचा तर त्याच्यासाठी वापरा.

मुक्काम एडिनबरा:

ब्रूसवरच्या 'आउटलॉ किंग'साठी (२०१८) आणखी एक शब्द लागेल. तो सिनेमा कितीतरी जास्त काळजीने केलेला आहे. १३०४च्या स्टर्लिंगच्या वेढ्यात किल्ला शरण येत असताना एडवर्डने आधी 'वॉरवुल्फ' हे प्रचंड धोंडफेकी यंत्र चालवून पाहिलं, हे खरं. ब्रूसला राज्याभिषेक करणाऱ्या दुसऱ्या एका इझाबेलाला, म्हणजे बखनच्या काउंटेसला, पिंजऱ्यात ठेवलं, हेही खरं. पण लाउडन टेकडीची लढाई मे १३०७ची आणि पहिला एडवर्ड वारला ७ जुलैला. सिनेमात तो आधी मरतो, आणि युवराज त्या लढाईत येऊन ब्रूसशी द्वंद्व करतो. प्रत्यक्षात तिथे इंग्रजांचा सेनापती एमर द व्हॅलन्स होता.

'ब्रेव्हहार्ट'चा आरंभही असाच: १२८० साल सांगून राजा निपुत्रिक मेला म्हणतात, तर तिसरा अलेक्झांडर घोड्यावरून पडून मेला १२८६मध्ये.

मोडीवाचक:

द्वंद्व कल्पित. तारखांना 'क्रमबदल' म्हणा. 'कालविपर्यास'ही इथे मूळ अर्थाने बसेल, कारण आधीचं नंतर झालंय आणि नंतरचं आधी. पण मग एकदा तळटीप द्यावी लागेल.

बोरूबहाद्दर:

'क्रमबदल'च घेते, तळटीप टळेल. शेवटचं: 'कालविसंगती'चं अनेकवचन?

मोडीवाचक:

तेच राहतं. 'एक कालविसंगती', 'अनेक कालविसंगती'. सामान्यरूपात अनुस्वार द्या: 'कालविसंगतींकडे', 'कालविसंगतींमुळे'. 'विसंगत्या' कुणी सुचवलं तरी घालू नका.