पंधरा दिवसांची गोळी, अकरा वर्षं: मेडिकलवाल्याने ‘नाही’ म्हटलं ते बरोबर की चूक?

बदलापूरकर (धागाकर्ता)

आमचे अण्णा, वय ७४, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त. २०१४ मध्ये आई गेली तेव्हा त्यांना झोप लागेना, मध्यरात्री छातीत धडधडायचं. फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलाम लिहून दिली, ०.५ मिलिग्रॅमची, सकाळ-रात्री एकेक. चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात ‘१५ दिवस’ लिहिलंय. पुढे ते डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले, चिठ्ठी राहिली. घडीवर फाटायला लागली तेव्हा अण्णांनी ती लॅमिनेट करून घेतली! गल्लीतला मेडिकलवाला अकरा वर्षं त्या प्लास्टिककडे बघून पट्टी देत होता.

काही महिन्यांपूर्वी दुकान दुसऱ्याने घेतलं. तो म्हणाला, नवीन चिठ्ठी आणा. अण्णा मानी, घरात कुणाला बोलले नाहीत. पहिली रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी हातातला कप बशीवर वाजायला लागला, अंगाला घाम, बारीकसारीक गोष्टीवरून संताप. तिसऱ्या रात्री मला उठवून म्हणाले, ‘गॅलरीत कंडक्टर उभाय, गाडी काढायला सांगतोय.’ मला वाटलं मेंदूत काहीतरी झालं. इस्पितळात नेलं, तर तिथल्या तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, ‘रोजची कुठली गोळी अचानक बंद झालीय का?’

माझं म्हणणं सरळ आहे: मेडिकलवाल्याने चूक केली. चार गोळ्या हातावर ठेवून ‘तेवढ्यात डॉक्टरांना भेटा’ म्हणता आलं नसतं का? नियम माणसासाठी की माणूस नियमासाठी?

साताऱ्याचा औषधवाला

बावीस वर्षं काउंटरमागे उभा आहे, म्हणून कडू बोलतो. चूक नव्या दुकानदाराची नाही, जुन्याची आहे. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वनमध्ये येते, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद करूनच द्यायच्या औषधांच्या यादीत. हा नियम २०१४ पासून लागू आहे, म्हणजे तुमची चिठ्ठी आणि नियम एकाच वयाचे. रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. चिठ्ठीवर ‘पुन्हा द्यावे’ असं लिहिलेलं नसेल तर त्या चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं.

वर ही गोळी नार्कोटिक्सच्या कायद्यातही आहे. मालेगाव-भिवंडीकडे पोरं जिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती हीच. तुमच्या अण्णांना दिलेल्या चार गोळ्या माणुसकी, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या विशीतल्या मुलाला दिलेल्या चार गोळ्या? मी चेहऱ्यावरून ठरवायचं का?

नास्तिक कावळा

औषधवाल्यांशी पूर्ण सहमत, आणि एक पाऊल पुढे. अल्प्राझोलाम ज्या घराण्यातली, ती बेंझोडायझेपाइन औषधं रोजच्या चिंतेसाठी द्यायलाच नकोत. या घराण्यातलं पहिलं औषध, लिब्रियम, रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाखच्या प्रयोगशाळेतून १९६० मध्ये आलं, १९६३ मध्ये व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम. आपल्याकडे तेच डायझेपाम ‘काम्पोज’ म्हणून आलं आणि ‘एक काम्पोज घे नि झोप’ ही म्हणच झाली. तेव्हा ती बार्बिट्युरेट या आधीच्या झोपेच्या औषधांपेक्षा सुरक्षित वाटली आणि होतीही, कारण बार्बिट्युरेटच्या जादा डोसने माणसं सहज दगावत. पण ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने १९८८ मध्येच सांगितलं की दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नका. अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएने २०२० मध्ये या सगळ्या गोळ्यांवर व्यसन, शरीराला लागणारी सवय आणि बंद करतानाचा त्रास यांचा चौकटीतला इशारा अधिक कडक केला. आपण अजून लॅमिनेट करतोय.

तालुक्याचा डॉक्टर

कावळेबुवा, दोन ते चार आठवडे मलाही ठाऊक आहेत. आता माझ्या ओपीडीत या. देशात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, ०.७५ हा आकडा नेहमी सांगितला जातो. माझ्या तालुक्यात तोही नाही.

रात्री दीडला एक बाई येतात. श्वास कोंडलाय, हाताला मुंग्या, ‘डॉक्टर, मी आत्ता मरणार’. ईसीजी स्वच्छ. पॅनिक अटॅक आहे. मी एसिटालोप्राम ही चिंता-नैराश्यावरची सावकाश काम करणारी गोळी सुरू करतो, पण त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि पहिल्या आठवड्यात उलट बेचैनी वाढू शकते. तेवढे दिवस कसे काढायचे? म्हणून सोबत क्लोनाझेपाम, अण्णांच्या गोळीच्याच घराण्यातली, मोजकी.

पुढचं कुणी लिहीत नाही ते सांगतो. बाई महिन्याने येतच नाहीत. सावकाश काम करणारी गोळी ‘काही फरक पडत नाही’ म्हणून सोडतात आणि अर्ध्या तासात शांत करणारी चालू ठेवतात. मी चुकतो कुठे? लिहिण्यात नाही, पुन्हा बोलावण्यात. इथे पूर्ण बंदीची भाषा करणाऱ्यांनी दीडच्या त्या बाईंना काय द्यायचं तेही सांगावं.

नास्तिक कावळा

पॅनिकवर बोलून करायचे उपचार आहेत. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारे.

तालुक्याचा डॉक्टर

आहेत. पुण्यात.

प्राणायामी

अनुलोम-विलोम आणि भ्रामरी करा, तीन महिन्यांत फरक पडतो. या गोळ्या गटारात फेकून द्या, हा माझा अनुभवाचा सल्ला.

सुटलेला

‘फेकून द्या’ हे शब्द कृपया मागे घ्या. प्राणायाम खुशाल करा, मीही करतो. पण रोज घेणाऱ्याने एका दिवसात बंद केल्यावर काय होतं ते धागाकर्त्याने वर लिहिलंय, आणि ते सौम्य होतं. आयुष्यात कधी आकडी न आलेल्या माणसाला त्यामुळे आकडी येऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

मी सहा वर्षं क्लोनाझेपाम घेत होतो. डोस थोडाथोडा कमी करत सुटायला चौदा महिने लागले. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी मिळून जे मार्गदर्शन काढलं, त्यातही दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्केच डोस कमी करायच्या पायऱ्या सुचवल्यात. शेवटची पाव गोळी सर्वांत जड गेली. सुरीने तुकडा पाडताना अर्धी भुकटी ओट्यावर सांडायची, ती मी बोटाने टिपून चाटत असे. लाज वाटते लिहायला. पण मला ‘व्यसनी’ म्हणू नका. मी एकदाही सांगितल्यापेक्षा जास्त घेतली नव्हती. शरीराला सवय लागणं आणि नशेच्या मागे धावणं यांत फरक आहे.

आणखी एक तक्रार. आपल्याकडे एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास विकतात. एक चालू ठेवून दुसरं कमी करायचं तर करणार कसं? माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं.

मधल्या सुट्टीचा डबा

चर्चा वाचून थोडा राग आलाय, आधीच सांगते. माझी मुलगी सात वर्षांची, तिला फिट येतात. रोज क्लोबाझाम असते, इतर औषधांच्या जोडीला. ती याच घराण्यातली. शिवाय मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर मारायचा, कारण त्यापुढे ती आपणहून थांबण्याची शक्यता कमी होत जाते.

हा स्प्रे मिळवायला मी तीन दुकानं पालथी घातली, हातात ताजी चिठ्ठी असताना. एकाने विचारलं, ‘मॅडम, हे नक्की कुणासाठी?’ दुसरा म्हणाला, रजिस्टरची कटकट, आम्ही ठेवतच नाही. शाळेने ‘असलं औषध’ ठेवायला नकार दिला. सहलीत फिट आली तेव्हा बाईंनी तोंडात चमचा घातला, शिपाईकाकांनी कांदा हुंगवला आणि बाहेर कुणीतरी चप्पल शोधत होतं. पुढचा एक दात तुटला. खरं तर कुशीवर वळवायचं, घड्याळ लावायचं, तोंडात काही घालायचं नाही, इतकंच.

तुम्ही ‘कडक करा, कडक करा’ म्हणता तेव्हा कुत्ता गोळी बंद होत नाही, ती मागच्या दाराने मिळतेच. माझा स्प्रे बंद होतो.

साताऱ्याचा औषधवाला

ताई, ताजी चिठ्ठी असताना माल न ठेवणं ही आमच्या लोकांची चूक. ते नियमपालन नाही, आळस आहे. माझ्याकडे दोन नग कायम असतात, तारीख उलटली की नुकसान मी सोसतो. पण अण्णांच्या बाबतीत मत बदललेलं नाही.

तालुक्याचा डॉक्टर

माझं थोडं बदललंय. औषधवाल्याने नाही म्हणणं ठीक, पण ‘ही एकदम बंद करायची नसते, आजच डॉक्टरांना भेटा, घरच्यांना फोन लावून द्या’ एवढं सांगायला कुठलं रजिस्टर आडवं येतं? आणि वयाचाही मुद्दा कुणी काढला नाही. पासष्टीनंतर या गोळ्यांनी तोल जातो. रात्री बाथरूमला जाताना पडणं, खुब्याचं हाड मोडणं, विसरभोळेपणा. अण्णा संध्याकाळी ‘थोडी’ घेतात का तेही विचारा. दारू किंवा ट्रॅमाडोलसारख्या वेदनाशामकाबरोबर ही गोळी श्वास मंद करते.

बदलापूरकर

सर्वांचे आभार. दारू नाही, तंबाखू आहे. मेडिकलवाल्यावरचा राग निम्म्यावर आलाय, निम्मा राहणार.

इस्पितळातून एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी आधी जुना डोस पुन्हा सुरू करून महिनाभर घडी बसू दिली. आता दर चार आठवड्यांनी ०.२५च्या गोळीचा अर्धा तुकडा कमी होतोय. अण्णा ऐकायला तयार नव्हते. मग बाईंनी त्यांना विचारलं, ‘घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली तर काय होतं?’ अण्णा फटकन म्हणाले, ‘लायनर तापतात, मग ब्रेक लागत नाही. गाडी गिअरवर उतरवायची.’ बाई म्हणाल्या, मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं, ही गोळी त्या ब्रेकला जोर देते. अकरा वर्षांत मेंदूने स्वतःचा ब्रेक सैल सोडलाय, आता तो हळूहळू परत आवळायचाय. त्यानंतर अण्णांनी वाद घातला नाही. कमी केलेल्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करतात, शेजारी ‘दुसरा गिअर’ वगैरे लिहितात. झोप अजून धड नाही. परवा तर पहाटे तीनला चहा करून बसले होते.

ती लॅमिनेटेड चिठ्ठी मात्र टाकू देत नाहीत. तिच्यावरची तारीख आईच्या तेराव्याची आहे.

साताऱ्याचा औषधवाला

राहू द्या की पाकिटात. फक्त दुकानात काढू नका म्हणावं.